उघड्या मुठीचा वारसा



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. संपादक मंडळाच्या पोरांनी आम्हाला गाठलं आणि म्हणाले, "काका, इतिहासावर चार पानं लिहून द्या." आम्ही काही विद्वान नव्हे. आमची पदवी म्हणाल तर गिरणीचा बिल्ला. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, चाळीच्या गॅलरीत, नाक्यावरच्या वाचनालयात. तेव्हा मोठ्या माणसांनी चूकभूल पोटात घालावी.

आम्ही विषय निवडला आहे शिकवण्याचा. शिक्षणावर आपल्याकडे भाषणं भरपूर होतात. चौदा एप्रिलला तर प्रत्येक वक्ता त्यावरच बोलतो. पण ती सगळी भाषणं शिकण्याविषयी असतात. शिकवण्याविषयी फारसं कोणी बोलत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे ब्रीद तीन इंग्रजी शब्दांचे होते आणि त्यातला पहिला शब्द होता 'एज्युकेट'. आपण त्याचे मराठी 'शिका' असे केले आणि गावोगावच्या भिंतींवर रंगवले. ते चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. पण एज्युकेट याचा सरळ अर्थ दुसऱ्याला शिक्षण देणे असा आहे. 'शिका' म्हटलं की माणूस आपल्या पुस्तकात बघतो. 'शिकवा' म्हटलं की त्याला शेजारच्या घरात बघावं लागतं. एवढ्या एका 'व'मध्ये आपला सगळा इतिहास बसला आहे, असे आम्हाला वाटते.

तथागतांची मूठ

भगवान बुद्धांचा शेवटचा वर्षावास वैशालीजवळच्या बेलुव गावी झाला. तिथे ते फार आजारी पडले. थोडे बरे वाटल्यावर आनंदाला धीर आला. त्याला वाटले, भिक्खुसंघाला काहीतरी शेवटचे सांगितल्याशिवाय भगवान जाणार नाहीत. तेव्हा तथागतांनी त्याला सांगितले की, माझ्याकडे आता आणखी काय राहिले आहे? मी आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी एक असा धम्म शिकवला नाही. काही गोष्टी मुठीत झाकून ठेवणाऱ्या आचार्यासारखी माझी मूठ नाही. ही हकीकत महापरिनिब्बान सुत्तात आहे. पालीत तिथे 'आचरियमुट्ठि' असा शब्द आहे. आचरियमुट्ठि म्हणजे गुरूची बंद मूठ.

हा शब्द आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. कारण या देशात हजारो वर्षे विद्या म्हणजे बंद मूठच होती. ती कोणाला द्यायची आणि कोणाच्या कानावरसुद्धा पडू द्यायची नाही याचे नियम होते. त्या काळात एक महापुरुष हात उघडून दाखवतो आणि म्हणतो, बघा, काही लपवलेले नाही!

उपालीची गोष्ट आपल्या घरांतून सगळ्यांना ठाऊक आहे. तो शाक्यांचा न्हावी. राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांचा जातीचा ताठा उतरावा म्हणून उपालीला आधी दीक्षा दिली गेली. पण पुढचा भाग आपण विसरतो. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. संघाचे नियम, म्हणजे विनय, कोणाच्या तोंडून ऐकायचा? महाकाश्यपांनी प्रश्न विचारले आणि उत्तरे दिली उपालीने. न्हाव्याने शिकवले आणि मोठमोठ्या कुळांतल्या थेरांनी ऐकले. ज्याला कालपर्यंत कोणी शिकवायला तयार नव्हते तो शिकवणारा झाला, ही आपल्या धम्मातली खरी क्रांती.

गृहस्थांसाठीही तथागतांनी सांगून ठेवले आहे. सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करत असे. त्याला भगवंतांनी दिशांचा खरा अर्थ सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, दक्षिण दिशा म्हणजे शिकवणारे आचार्य. शिष्याने आचार्यांचा मान ठेवावा, मन लावून शिकावे हे तर आलेच. पण आचार्याचीही पाच कर्तव्ये तिथे सांगितली आहेत. त्याने नीट वळण लावावे. जे शिकवले ते शिष्याला पक्के समजले की नाही ते पाहावे. आपल्याजवळची सगळी विद्या द्यावी. शिष्याची चार चांगल्या माणसांत ओळख करून द्यावी. आणि त्याला सगळीकडून आधार मिळेल असे करावे. बघा, नोकरी लागली तर शब्द टाकणे, चांगल्या माणसाशी गाठ घालून देणे, हेसुद्धा शिकवण्यातच धरले आहे!

आपल्या जिल्ह्यातल्या पाऊलखुणा

हे सगळे दूर मगध देशातले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. मुंबई-गोवा रस्त्याने महाडला जाताना पाले गावाच्या डोंगरात लेणी दिसतात. माणगाव-तळ्याच्या बाजूला कुडा लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांत माळ्यासारखी हातावर पोट असणारी माणसेही आहेत. पावसाळ्यात भिक्खू अशा लेण्यांत वर्षावासाला राहत आणि धम्म सांगत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या कोकणच्या पावसात शिकवणे चालू होते. नंतर ते थांबले. लेण्यांत गुरे बसू लागली आणि आमच्या वाडवडिलांच्या हातून पाटी गेली ती गेलीच.

ती पाटी परत आणणाऱ्यांत क्रांतिबा जोतिराव फुले आणि माता सावित्रीबाई पहिले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा, नंतर महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा आणि १८५५ साली कामकरी बायाबापड्यांसाठी रात्रशाळा. त्याच १८५५ साली त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखावर एका शाळकरी पोरीने लिहिलेला निबंध! १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतिरावांनी निवेदन दिले. त्यात त्यांनी मागितले की, शाळेचे मास्तर शेतकरी वर्गातले असावेत, वेळ पडली तर नांगर धरणारे, सुताराचे हत्यार चालवणारे असावेत. आम्हा कामगारांना हे वाचून बळ येते. हाताला घट्टे पडलेला माणूस शिकवू शकतो, असे ते म्हणत होते.

आमच्या कोकणात हे काम पलटणीतल्या माणसांनी उचलले. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शाळा होती. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही फौजेच्या शाळेतले हेडमास्तर. म्हणजे बाबासाहेब मास्तरांच्या घरात जन्मले, हे ध्यानात ठेवा.

आणि एक मास्तर परके असूनही आपले झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला त्यांना दिसायचा. त्यांनी त्याची विचारपूस केली, पुस्तके दिली. भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्दही त्यांनीच टाकला. सिगालाला सांगितलेली आचार्याची कर्तव्ये आठवा, गुरुजींनी ती पाळली. ते एक पुस्तक दिले गेले त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी नागपूरला काय घडले ते जगाने पाहिले. कोण म्हणतो एक पुस्तक दिल्याने काय होते?

बाबासाहेब स्वतःही शिक्षकच. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, १९३५ साली सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० ला औरंगाबादला पुढे मिलिंद नावाने ओळखले जाणारे कॉलेज. सिद्धार्थचे वर्ग सकाळी लवकर भरत, म्हणजे नोकरी-धंदा करणाऱ्यांनाही शिकता यावे.

महाडचा सत्याग्रह आपण पाण्याचा म्हणून ओळखतो. पण १९ आणि २० मार्च १९२७ च्या त्या कुलाबा जिल्हा परिषदेत मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची आणि वसतिगृहांना मदतीची मागणीही झाली होती. परिषदेसाठी राबलेल्यांत लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे होते. शिष्यवृत्ती मिळूनही या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला होता. त्या वयात त्याने लेखी तक्रार केली आणि शाळेचे दार उघडायला लावले. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेला निघताना बाबासाहेब आणि मंडळी आपल्या धरमतरच्या वाटेने आली नाहीत. मोटारवाले आयत्या वेळी बसू देणार नाहीत अशी भीती होती. म्हणून 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरून ते पाच मैल चालत महाडला गेले. डोलवीपासून हाकेच्या अंतरावरचे धरमतर! आमच्या आज्यापणज्यांच्या दारावरून जाणारा रस्तासुद्धा तेव्हा बंद मुठीत होता.

धोटा आणि गाठ

आता आमच्या गिरणीची गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत आपले लोक हजारांनी होते, पण साचेखात्यात, म्हणजे विणकामाला, त्यांना घेत नसत. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की तार तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढावी लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणजे विटाळ! पगार जास्त होता तो साचेखात्यात. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे खाते आपल्या लोकांना खुले करा ही मागणी लावून धरली आणि संपाच्या पुढाऱ्यांना ती मागण्यांत घालावी लागली. नीट पाहा, इथे कोणी काम येत नाही म्हणून बाहेर नव्हते. शिकवायचेच नाही असे ठरले होते म्हणून बाहेर होते.

आमचे वडील पोरसवदा वयात डोलवीहून मुंबईला गेले. शाळा नाही. गिरणीत लागले तेव्हा पगाराच्या कागदावर अंगठा. त्यांच्या चाळीत महाडकडचे एक वयस्कर कामगार होते, चौथी शिकलेले. ते रात्री गॅलरीत कंदील लावून चार-पाच जणांना अक्षरे गिरवायला लावत. फी काय? तर एकच. ते म्हणायचे, "जो धडा आज शिकलास तो उद्या दुसऱ्याला शिकव, मंगच पुढचा धडा दीन." वडील अ, आ शिकले आणि दुसऱ्या दिवशी खोलीतल्या भावकीच्या पोराला अ, आ शिकवायला बसले. स्वतःला इ येत नव्हती!

७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप देताना भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या गर्दीत आमचे वडील होते. ते नेहमी सांगत, "१४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी काय केलं ते बघ. भन्ते चंद्रमणींकडनं स्वतः दीक्षा घेतली आणि लगेच उभं राहून लाखो लोकांना दिली. घेतली ती घरी नेली नाय."

१९८२ चा संप झाला आणि कोकणातले कितीतरी गिरणी कामगार गावी परतले, तसे वडीलही आले. घरात पैसा नव्हता. दिवसा दुसऱ्याच्या शेतावर लावणी आणि संध्याकाळी बौद्धवाडीत रॉकेलच्या दिव्यापुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन. मोठ्याने, बोट ठेवून, अडखळत. आम्ही चौदा वर्षांचे होतो. आमचे वाचन वडिलांपेक्षा चांगले होते म्हणून आम्ही हसलो. वडील रागावले नाहीत. पुस्तक आमच्या हातात दिले आणि म्हणाले, "तुला येतंय ना? मंग तू सांग सगळ्यांना." त्या दिवशी आम्हाला कळले की वाचता येणे वेगळे आणि समजावून सांगता येणे वेगळे. म्हातारीने विचारले, "तृष्णा म्हंजे काय रं?" आम्हाला शब्द माहीत होता, अर्थ सांगता येईना.

आमची बंद मूठ

आता एक कबुली. आम्ही वीस वर्षांचे असताना गिरणीत बदली म्हणून लागलो, पुढे साच्यावर कायम झालो. तुटलेली तार भराभर जोडण्याची एक गाठ असते. बोटांची ती चलाखी आम्हाला एका जुन्या साचेवाल्याने दाखवली होती. पुढे गिरणी बंद पडणार अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा एक नवा बदली पोरगा आमच्या शेजारच्या साच्यावर आला. आपल्यातलाच. तो विचारायचा, "दादा, गाठ दाखवा ना." आम्ही म्हणायचो, "बघून बघून येईल." खरे म्हणजे मनात भीती होती. याला चांगले काम आले तर आपली किंमत काय? त्याच्या साच्यावर कापड बिघडायचे, तो बोलणी खायचा आणि आम्ही मान खाली घालून आपला साचा बघायचो. महिनाभरात तो यायचा बंद झाला.

गिरणी पुढे बंद पडलीच. आमची गाठ, आमची चलाखी, सगळे भंगारात गेले. मुठीत झाकून ठेवलेले मुठीतच मेले. तो पोरगा कुठे गेला आम्हाला ठाऊक नाही. पण ज्या धोट्यापासून आमच्या आज्याला दूर ठेवले, त्याच धोट्याजवळ उभे राहून आम्ही आपल्याच भावाला दूर ठेवले. आचरियमुट्ठि हा शब्द वाचून आम्ही का बसून राहिलो ते आता कळले असेल.

तेव्हापासून आमचे मत झाले आहे की शिकवणे ही दुसऱ्यावर केलेली मेहरबानी नव्हे, ती आपलीच साधना आहे. तथागतांनी अकुशलाची तीन मुळे सांगितली आहेत, लोभ, द्वेष आणि मोह. शिकवायला बसा, तिन्हींवर घाव बसतो. आपल्याजवळचे देऊन टाकावे लागते, तिथे लोभ झिजतो. पोराला चारदा सांगून कळत नाही, डोके तापते, तरी पाचव्यांदा शांतपणे सांगावे लागते, तिथे द्वेष झिजतो. आणि पोर असा प्रश्न विचारते की आपल्याला उत्तर येत नाही, तिथे आपल्याला सगळे कळते हा मोह झिजतो. तासभर डोळे मिटून बसणे चांगलेच. पण एखाद्याला बेरीज शिकवत तासभर बसणे हीसुद्धा भावनाच आहे. धम्मपदात सगळ्या दानांत धम्माचे दान मोठे मानले आहे, ते उगाच नव्हे.

आपल्या विहारात

आज आपल्या गावाच्या बाजूला पोलादाचा मोठा कारखाना उभा आहे, खाडीला बोटी लागतात. आपली मुले आयटीआय करतात, इंजिनिअर होतात, काही मुली नर्स झाल्या. आनंद आहे. पण शिकलेला मुलगा पनवेलला, नवी मुंबईला ब्लॉक घेतो आणि जयंतीच्या वर्गणीची पावती फाडायला तेवढा येतो. इकडे वाडीतला सातवीतला पोरगा भागाकाराला अडतो आणि शिकवणीला पैसे नाहीत म्हणून मागे पडतो. शिकलेल्याच्या एका तासाने जे झाले असते, ते वर्गणीच्या हजार रुपयांनी होत नाही. विहाराची फरशी चकचकीत झाली, बुद्धमूर्ती सुंदर आली. पण संध्याकाळी कुलूप असेल तर ती मूठ बंदच म्हणायची.

म्हणून या वर्धापनदिनी आमची एकच विनंती आहे. वर्षावासात आपण ग्रंथवाचन करतो, ते चालू राहोच. पण आठवड्यातून एक संध्याकाळ विहार शिकवण्यासाठी उघडा ठेवू या. प्रत्येक घराने एक माणूस द्यावा. ज्याला गणित येते त्याने गणित, ज्याला वेल्डिंग येते त्याने वेल्डिंगची ओळख, ज्या ताईला बँकेचा फॉर्म भरता येतो तिने तो म्हाताऱ्यांना भरायला शिकवावा, नुसता भरून देऊ नये. पोरांनी आजीला मोबाईलवर अक्षरे वाचायला शिकवावे आणि आजीने पोरांना बाबासाहेब गेले तेव्हाची आठवण सांगावी. ज्याला काहीच येत नाही असा माणूस आम्ही अजून पाहिला नाही.

आमच्यापुरते सांगतो. आम्ही गुरुवारी संध्याकाळी सहाला विहारात असू. साचा राहिला नाही, पण सुताची एक रीळ आम्ही जपून ठेवली आहे. मराठी वाचन आणि बाबासाहेबांचे ग्रंथ आम्ही समजावून सांगू, आणि कोणी पोरगा म्हणाला "काका, गाठ दाखवा", तर तीही दाखवू. तिचा आता काही उपयोग नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण ती मूठ आम्हाला उघडायची आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!